दारूच्या केसनंतर ट्रकवर बसायचे असेल तर

मिळते. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झालेल्या माणसाला हेवीचे, म्हणजे जड वाहनाचे, लायसन मिळते, आणि कामही मिळते. हे सगळ्यात आधी लिहितो, कारण गोव्यातल्या आमच्या सत्तरी-डिचोलीत कितीतरी पोरे एका रात्रीच्या केसनंतर "आता आपल्याला गाडी कोण देणार" म्हणून घरात बसली आहेत. घरात बसलेला माणूस संध्याकाळ झाली की पुन्हा बारकडे वळतो. मीही वळत होतो, सहा-सात महिने.

माझी केस २०२२ च्या मे महिन्यातली. म्हापशाला मित्राच्या लग्नाचे रिसेप्शन होते, हुर्राकाचा (काजूच्या दारूचा) हंगाम संपत आलेला, मध्यरात्र उलटल्यावर मोटारसायकलने साखळीकडे निघालो. करासवाड्याला पोलीस उभे होते. आल्कोमीटरच्या नळीत फुंकायला लावले. आकडा आला ९४. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच चालते. मी तिपटीच्या वर होतो, आणि मला मात्र आपण अगदी ठीक आहोत असेच वाटत होते. गाडी तिथेच अडकवली. हेल्मेट नसले तर तालांव (चलान) भरून सुटता येते, हा गुन्हा रस्त्यावर मिटत नाही. न्यायाधीशांसमोर उभे राहावेच लागते. दहा हजार दंड झाला, तो मोठ्या बहिणीने भरला. वाहतूक खात्याने लायसन तीन महिन्यांसाठी निलंबित केले.

ट्रक आमच्या घराला नवा नाही. बाबा खाणीवर टिपर चालवायचे, नंतर कर्ज काढून स्वतःचा घेतला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि तो ट्रक आमच्या फणसाखाली उभा राहिला. आधी टायर विकले, मग बॅटरी, शेवटी चेसिस भंगारात गेली. त्यामुळे मी ट्रकवर जातो म्हणालो तेव्हा बाबा दोन दिवस बोलले नाहीत. आज मी दहा चाकी टिपरवर आहे, त्याआधी सव्वा वर्ष बेळगाव लायनीला होतो. मधल्या काळात काय काय केले, ते क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे. मी दोन ठिकाणी चुकलो आणि त्यात सहा महिने गेले.

पहिले काम कागदांचे. कोर्टातून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. दंडाची पावती लॅमिनेट करू नका, तिची झेरॉक्स करा आणि मूळ पावती घरी ठेवा. नकलेवर कलम कोणते आहे ते नीट वाचा. नुसते मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ असेल तर गोष्ट सरळ आहे. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. त्याच्यासोबत अपघाताचे, कुणाला लागल्याचे कलम असेल तर आधी वकिलाकडे जा, पुढचे नंतर वाचा. आणि ही दुसरी केस असेल तर प्रकरण बरेच जड आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही, शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या गुन्ह्याला लायसन रद्दच करता येते. पहिली केस झालेल्याने हे वाक्य दोनदा वाचावे. तुमच्याकडे दुसरी संधी आहे, तिसरी नाही.

निलंबनाचा आदेश चुकीचा वाटत असेल तर तो हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. मी केले नाही, कारण आदेश बरोबर होता.

त्या तीन महिन्यांत कोणतीही गाडी चालवायची नाही. डेअरीपर्यंत स्कूटरसुद्धा नाही. निलंबित लायसनवर गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, आणि तुमच्या नावावर एकाऐवजी दोन गोष्टी. मी थिवीच्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो, तीन महिने बसने गेलो. वाळपईहून येणारी सकाळची बस होंड्याला इतकी भरलेली असते की दारात लटकूनच जावे लागते. पण त्या तीन महिन्यांत रस्त्यावरून ट्रक कसे चालतात ते मी पहिल्यांदा नीट बघितले.

मुदत संपली की लायसन आपोआप घरी येत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमधून उजळणीचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, मग खाते लायसन परत देते. इथे माझी पहिली चूक झाली. मुदत संपली म्हणजे झाले असे समजून मी बसलो. लायसन हातात आल्यावरही परिवहनच्या साइटवर आपला नंबर टाकून स्थिती तपासा. तिथे निलंबित दिसत असेल तर हातातल्या कार्डाला काही किंमत नाही. मालक हल्ली कार्ड बघत नाहीत, मोबाइलवर नंबर टाकतात.

आता दारूचे. यावर जास्त लिहिणार आहे, कारण बाकी सगळे कागद एका महिन्यात होतात, हे होत नाही.

ट्रकवर येणाऱ्या बहुतेक पोरांना वाटते की गाडी चालवताना प्यायचे नाही, एवढे पाळले की झाले. आमच्या धंद्यात घात होतो तो सकाळी. शरीर दारू आपल्याच वेगाने जाळते, तासाला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम. हिशेब करून बघा. रात्री बारा वाजता तुमचा आकडा १५० असेल, तर सकाळी सहाला तो ६० ते ९० च्या मध्ये असतो. म्हणजे तुम्ही झोपून उठलात, आंघोळ केलीत, देवाला नमस्कार केलात, चहा-पाव खाल्लात, आणि तरी कायद्याच्या दुप्पट-तिप्पट दारू रक्तात घेऊन तीस टनांची गाडी काढलीत. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी झोप जाते, वास थोडा जातो. आकडा जात नाही. त्याला फक्त तास लागतात.

म्हणून माझा नियम असा: दुसऱ्या दिवशी गाडी असेल तर आदल्या दिवशी थेंब नाही. पुढे तर मी पूर्णच सोडली, कारण ट्रकवाल्याला दुसऱ्या दिवशी गाडी नाही असे दिवस कितीसे असतात? पण सोडण्याबाबत एक गोष्ट जिवाची म्हणून सांगतो. तुम्ही कित्येक महिने रोज पीत असाल, सकाळी हात थरथरत असतील, तर एका दिवसात स्वतःच्या मनाने बंद करू नका. अशा माणसाला एकदम सोडल्यावर भास होतात, फिट येते, प्रसंगी जीव जातो. आमच्या वाड्यावरचा एक काका असाच चतुर्थीच्या आधी 'आता बंद' म्हणून बसला आणि तिसऱ्या दिवशी त्याला उचलून न्यावे लागले. बांबोळीला सरकारी मनोविकार रुग्णालय आहे, लोक त्याला आयपीएचबी म्हणतात. तिथे दारू सोडवण्याचे उपचार होतात. तिथे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका गोव्यात अनेक ठिकाणी होतात, पैसे लागत नाहीत, नाव विचारत नाहीत. मी बैठकांना गेलो. पहिल्या बैठकीत एक शब्द बोललो नाही, तरी कुणी काही म्हटले नाही.

एका डायरीत तारीख लिहायला सुरुवात करा. मी साधी शाळेची वही घेतली होती. रोज एक ओळ: तारीख, आज प्यायलो की नाही. गाडी मिळाल्यावर त्याच ओळीत गाडीचा नंबर, किलोमीटर आणि कुठून कुठे. ही वही पुढे उपयोगी पडते.

एकदम हेवीवर उडी मारू नका. तशी कायद्याने मुभा आहे. वय २० पूर्ण आणि हलक्या वाहनाचे लायसन एक वर्ष जुने असेल तर हेवीचे शिकाऊ लायसन काढता येते. पण केस झालेल्या, ट्रकचा अनुभव नसलेल्या माणसाला तीस-चाळीस लाखांची गाडी कोण देईल? ही माझी दुसरी चूक. मी आधी हेवीच्या मागे लागलो, तीन मालकांकडे गेलो, तिन्ही ठिकाणी "बघू, सांगतो" ऐकून आलो. मधला रस्ता छोट्या टेम्पोचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने कायम केले की ७५०० किलोच्या आतले मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते. म्हणजे तुमचे आजचे कारचे लायसन शाबूत असेल तर टेम्पोचे काम उद्याही मिळू शकते. वर्षभर एकाच मालकाकडे राहा. महिन्या-महिन्याला जागा बदलणाऱ्या चालकाकडे लोक आधीच संशयाने बघतात, आपल्याकडे तर आणखी एक कारण आहे.

मला टेम्पो मिळाला तो पाण्याच्या जारचा. नवरा गेल्यावर धंदा एकटीने चालवणाऱ्या बाई होत्या, आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. मी ओसरीवर उभा राहिलो आणि त्यांनी काही विचारायच्या आधी बोललो. "वहिनी, एक गोष्ट आधीच सांगतो. माझ्यावर दारूची केस झाली होती, गेल्या वर्षी मे महिन्यात. दंड भरला आहे, लायसन परत आले आहे, हे कागद." त्यांनी कागद हातात घेतले पण वाचले नाहीत. एवढेच विचारले, "आणि आता?"

मी म्हटले, "आज एक्केचाळीस दिवस झाले." आणि वही दाखवली.

"उद्यापासून ये. पण किल्ली माझ्याकडून घ्यायची, इथूनच. आणि चहा इथे घ्यायचा."

रोज सकाळी सहाला मी त्यांच्या ओसरीवर बसून चहा घ्यायचो. त्या समोर स्टुलावर बसून कालचा हिशेब विचारायच्या, दोन हातांच्या अंतरावरून. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आले की हिशेब तर त्यांना तोंडपाठ असतो. त्या माझे डोळे बघत होत्या, कप धरलेला हात बघत होत्या, तोंडाचा वास घेत होत्या. मला राग आला नाही. उलट त्या दिवसापासून मी चहाला आणखी जवळ बसू लागलो.

आता गंमत बघा, ते जार जायचे कुठे? कळंगुट-बागाच्या बारांत. वीस लिटरचा जार खांद्यावर घेऊन रोज पंधरा-वीस बारांच्या आत, काउंटरच्या मागे. दुपारच्या उन्हात बारवाला मायेने म्हणायचा, "एक घे रे, थंड हो." तिथे मी एक उत्तर पाठ केले आणि तेच सगळीकडे दिले: "गाडीवर आहे, सोडा दे." नाही म्हणताना कारणे देत बसू नका. 'आज उपवास आहे', 'औषध चालू आहे' म्हटले की उद्या पुन्हा विचारतात. 'गाडीवर आहे' याच्यापुढे गोव्यातला बारवालाही जोर करत नाही.

चौदा महिन्यांनी मी हेवीचे लायसन काढायला निघालो तेव्हा वहिनींनी स्वतःहून पत्र दिले. लेटरहेडवर चार ओळी: इतके महिने कामाला होता, एकही तालांव नाही, एकही जार फुटल्याची तक्रार नाही, सकाळी वेळेवर येतो. पुढे तीच चार वाक्ये मला कोर्टाच्या नकलेपेक्षा जास्त कामी आली. तुमच्या मालकाकडून असे पत्र मागून घ्या. त्यांना लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा, त्यांची सही आणि फोन नंबर घ्या.

हेवीचे लायसन काढणे आता थोडक्यात. शिकाऊ लायसन 'सारथी' या लायसनच्या सरकारी साइटवरून, ते सहा महिने चालते, आणि निदान ३० दिवस झाल्याशिवाय चाचणी देता येत नाही. डॉक्टरचा दाखला नमुना १-अ मध्ये लागतो. डोळे, लाल-हिरवा रंग ओळखणे, ऐकू येणे बघतात. २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र नमुना ५ मध्ये. आठवी पास असण्याची जुनी अट २०१९ मध्ये काढली, त्यामुळे शाळा सोडलेल्यांनी घाबरू नये. हेवीचे लायसन पाच वर्षांनी नूतन करायचे असते. कार्यालय तुमच्या तालुक्याचे: डिचोली, म्हापसा, फोंडा, वास्को, मडगाव, केपे, काणकोण, पेडणे, धारबांदोडा, पणजी.

अर्जात विचारतात की तुम्हाला पूर्वी लायसनसाठी अपात्र ठरवले होते का. इथे खरे लिहा. लायसनवर नोंद असताना ती लपवून नवे लायसन मिळवले किंवा नुसता अर्ज केला तरी तो वेगळा गुन्हा आहे, शिक्षा निलंबनात गाडी चालवण्याइतकीच. खरे लिहिल्याने मला चाचणीपासून कुणी अडवले नाही. मुदत संपलेली होती, प्रशिक्षण झालेले होते, विषय संपला.

चाचणीशिवाय लायसन काढून देतो म्हणणारे भेटतील. मलाही एकाने ड्रायव्हिंग स्कूलच्या दारातच गाठले, "तुझी केस आहे ना, मग सरळ मार्गाने होणार नाही, माझ्याकडे दे" म्हणाला. त्याला माझ्या केसचे कसे कळले कोण जाणे. मी उठून आलो. केस असलेला माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेल्याकडून पैसे काढणे सोपे असते. त्या पैशांत गाडीवरचे जादा तास विकत घ्या. हेवीला प्रत्यक्ष गाडीवर किमान १५ तास हवेत, मला ते पुरले नाहीत, रिव्हर्सला मी आणखी आठ दिवस दिले. लांब गाडी मागे घेताना मागचा टायर आरशात बघायचा, डाला (मागचा हौदा) बघायचा नाही. हे मला बाबांनी शिकवले, तेही न बोलता. अंगणात दोन नारळ ठेवले आणि मेहुण्याची पिकअप त्यांच्या मधून मागे घ्यायला लावली.

काम कुठे शोधायचे. खाणी २०२४ पासून लिलावात दिलेल्या खाणपट्ट्यांवर पुन्हा सुरू होऊ लागल्या, तेव्हापासून डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे भागात टिपरला माणसे लागतात. पावसाळ्यात हे काम थांबते, घरखर्चाचा हिशेब त्याप्रमाणे ठेवा. बारमाही काम हवे असेल तर औद्योगिक वसाहती: वेर्णा, कुंडई, मडकई, बेतोडा, थिवी, पिसुर्ले. मुरगाव बंदरावरचा माल. बेळगावची भाजी, जी चोर्ला किंवा अनमोड घाटातून रात्री उतरते. भाजीची लायन केस असलेल्याला तुलनेने लवकर मिळते, कारण रात्रीचे काम करायला माणसे कमी आहेत. पण तिथे आधी दुसरा चालक किंवा क्लीनर म्हणून चढा. मी दोन महिने क्लीनर होतो, हेवीचे लायसन खिशात असताना. टायर ठोकून हवा ओळखणे, ताडपत्रीची गाठ, वजनकाट्यावर गाडी कशी उभी करायची, हे त्या दोन महिन्यांत आले.

काही दरवाजे बंद आहेत, त्यावर वेळ घालवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांवरून शाळेच्या बससाठी जे नियम झाले, त्यांत दारू पिऊन चालवल्याचे एकदाही सापडलेला चालक घेता येत नाही. तो नियम बरोबर आहे. आखातात ड्रायव्हर म्हणून जायचे असेल तर पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस दाखला मागतात, तिथे केस पुढे येते. गॅस, पेट्रोल, रसायनांच्या टँकरला तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण आणि लायसनवर वेगळी नोंद लागते; ते काम दोन-तीन वर्षे स्वच्छ गेल्यावर बघा.

मालक का घाबरतो ते समजून घ्या, म्हणजे त्याच्याशी बोलता येईल. अपघाताच्या वेळी चालक नशेत निघाला तर विमा कंपनी ट्रकचे नुकसान भरून देत नाही, आणि समोरच्याला दिलेली भरपाईही मालकाकडून मागू शकते. म्हणजे तुमच्या एका बाटलीत त्याचा ट्रक, कर्ज आणि घर बुडू शकते. आमच्या बाबांचा ट्रक मी फणसाखाली सडताना बघितला आहे, त्यामुळे "शेटला काय फरक पडतो" असे मला कधी म्हणता आले नाही. म्हणून मालकाकडे जाताना नुसते 'मी आता पीत नाही' म्हणू नका, ते सगळेच म्हणतात. असे म्हणा: "शेट, रोज सकाळी गाडी काढायच्या आधी मी आल्कोमीटरमध्ये फुंकतो, मशीन तुमचे. आकडा शून्य नसेल त्या दिवशी मला काढा." मी बेळगाव लायनीच्या शेटला हेच म्हटले. त्याच्याकडे मशीन नव्हते. आठ दिवसांनी त्याने आणले आणि माझ्यासकट सगळ्या चालकांना लावले. इतर चालक महिनाभर माझ्यावर चिडून होते.

त्या मशीनबद्दल एक गोष्ट. कफ सिरप, माउथवॉश, काही होमिओपॅथीचे थेंब यांत अल्कोहोल असते. घेतल्याबरोबर फुंकलात तर आकडा दिसतो. वेर्ण्याला एका कंपनीच्या फाटकावर माझे असे झाले. सर्दी होती, गाडीतच सिरप घेतले होते. रखवालदाराने मशीन पुढे केले, मी फुंकलो, आणि हिरव्याऐवजी लाल दिवा. मागे सहा ट्रकांची रांग, हॉर्न वाजताहेत. माझे पाय लटपटले. करासवाड्याची रात्र डोळ्यांसमोर आली. मी बाटली काढून दाखवली आणि म्हटले, "मला बाजूला उभे करा, पण पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा घ्या." तोंडातले अल्कोहोल तेवढ्यात उडून जाते, रक्तातले जात नाही. त्याने गाडी बाजूला घेऊ दिली. मी पाण्याने चुळा भरल्या आणि फाटकाच्या भिंतीला टेकून मिनिटे मोजली. दुसऱ्यांदा शून्य आले. रखवालदाराने वहीत दोन्ही आकडे लिहिले, मी त्या पानाचा फोटो काढून लगेच शेटला पाठवला आणि फोन केला. त्याने दुसऱ्याकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐकले, म्हणून गोष्ट तिथेच राहिली. आपल्यासारख्याने वाद घालायचा नाही, पळ काढायचा नाही, दुसरी चाचणी मागायची. आणि सिरप घेतानाच पाठीमागचे लेबल वाचायचे.

पहिल्या सहा महिन्यांत घाट सांभाळा. अनमोड काय, चोर्ला काय, ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरायचे. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे जुने चालक आहेत, त्यांचे ऐकू नका. उतरायच्या आधी थांबून ब्रेकच्या हवेचा काटा बघा, हवा पूर्ण भरल्याशिवाय उतारावर टायर घालू नका. कायद्याने चालकाला दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आहे. लायनीवर हे पूर्ण पाळले जात नाही हे मला माहीत आहे, पण ती अर्ध्या तासाची विश्रांती मी कधीही सोडत नाही. झोप कमी पडलेल्या माणसाला दारू आठवते. माझ्या वहीत जिथे जिथे 'आज मन झाले' असे लिहिले आहे, त्या जवळजवळ प्रत्येक ओळीच्या आदल्या रात्री झोप चार तासांची आहे.

जादा माल भरायला सांगितला तर नाही म्हणा. दारूच्या केसप्रमाणेच जादा माल, सिग्नल तोडणे, मोबाइलवर बोलणे आणि वेग यांसाठीही लायसन निलंबित होते. दुसऱ्याला जे एकदा चालून जाते ते आपल्या रेकॉर्डवर दुसरी रेघ होते.

आणि शेवटचा कागद, जो फार कमी लोकांना ठाऊक आहे. अपात्रतेची नोंद लायसनवर कायमची नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २५ प्रमाणे शेवटच्या नोंदीनंतर सलग तीन वर्षे दुसरी नोंद झाली नाही, तर जुने लायसन जमा करून नोंदीशिवायचे नवे लायसन मागण्याचा हक्क चालकाला आहे. कायद्यात त्याचे शुल्क पाच रुपये लिहिले आहे. कोर्टाचा निकाल त्याने पुसला जात नाही, कुणी विचारले तर केस झाली होती हे सांगावेच लागते. पण लायसन स्वच्छ होते. निलंबनाचा काळ या तीन वर्षांत धरत नाहीत, म्हणून तुमच्या आदेशाची तारीख काढा, त्यात तीन वर्षे आणि निलंबनाचे महिने मिळवा आणि ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझी तारीख ऑगस्ट २०२५ मध्ये उलटली. अर्ज, जुने लायसन, निकालाची नक्कल, दंडाच्या पावतीची झेरॉक्स आणि कलमाची एक प्रत एका फाइलमध्ये घालून, आदल्या रात्री थेंबही न घेता, सकाळच्या बसने मी कार्यालयात गेलो.